बाबा चौकटीबाहेर : एका उठावचित्राच्या नोंदी

४ जून

दृष्टिहीन मुलांच्या शाळेतल्या वाचनालयात हाताने बघायच्या चित्रांचा एक कप्पा करायचं नक्की झालं. नकाशे, फळं, प्राणी, मानवी शरीर अशा पाट्या त्यांच्याकडे आधीपासून आहेत. चित्र मात्र एकही नाही. ब्रेल शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मापासून दृष्टिहीन आहेत. त्यांची अट एवढीच की चित्रात माणसं हवीत आणि ती एकमेकांच्या नात्यातली हवीत. "देवाची नकोत, देव मुलांना मूर्तीतून माहीत आहेत." त्यावरून विषय सुचला : एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आपल्याच पोराबाळांची काढलेली चित्रं.

यादीत सध्या तीन नावं आहेत. स्पेनचा मारियानो फोर्तुनी : १८७४च्या उन्हाळ्यात नेपल्सजवळच्या पोर्तिची गावी त्याने मुलगी मारिया लुइसा आणि तीन वर्षांचा मुलगा मारियानो यांना जपानी धाटणीने सजवलेल्या दालनात, लांबलचक दिवाणावर रंगवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो रोममध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला, चित्र अपुरं राहिलं; आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. दुसरा रशियाचा इल्या रेपिन : १८८४मध्ये त्याने थोरल्या वेराला उन्हात आडव्या लाकडावर बसवून, खालून वर बघत रंगवलं. मागे नुसतं आकाश. तिसरा आपला राजा रविवर्मा : १८९३चं 'देअर कम्स पापा'. त्यात त्याची थोरली मुलगी महाप्रभा आणि तिच्या कडेवर तिचा मुलगा मार्तंड वर्मा. म्हणजे मुलगी आणि नातू दोघेही एकाच चित्रात.

फोर्तुनी लगेच बाद. त्या चित्राचं सगळं सुख रेशमात, रंगात आणि उजेडात आहे. बोटांखाली त्यातला दिवाण तेवढा उरेल. रेपिन सर्वांत सोपा : एकच आकृती, मागे मोकळी जागा, हाताला चटकन कळणारी. म्हणून तो दुसरा. रविवर्म्याचं चित्र अवघड आहे, तरी सुरुवात तिथूनच. या मुलांच्या घरोघरी त्याची लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आहे. आई रोज उदबत्ती ओवाळते, ते त्यांना वासाने माहीत आहे.

९ जून

वाचन. कामापुरतं उतरवून ठेवते.

रविवर्मा केरळातल्या किलिमानूरचा, जन्म २९ एप्रिल १८४८. लग्न १८६६मध्ये, मावेलिक्कराच्या भागीरथीशी. तिची थोरली बहीण त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेलेली राणी लक्ष्मीबाई. धाकटा मुलगा रामवर्मा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. थोरल्या मुलीचं हे चित्र काढलं तेव्हा रविवर्मा पंचेचाळिशीचा होता, देशभर नाव झालेलं. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी पुराणप्रसंगांची चौदा चित्रं त्याआधीच करून झाली होती. शिकागोच्या १८९३च्या जागतिक प्रदर्शनाला त्याने दहा चित्रं पाठवली. बहुतेक सगळी हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांची. त्या दहांत घरची लेकही गेली. मूळ चित्र तिरुवनंतपुरमच्या कवडियार राजवाड्याच्या संग्रहात आहे. १९७९पासून रविवर्म्याची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरली आहेत, ती देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत.

शिकागोत चित्र बघणाऱ्याला ती 'मलबारची एक बाई' वाटली असणार. बाप आपल्या मुलीला नमुना म्हणून परदेशी पाठवतो, हे मला जरा खटकतं. आणि तिच्यावर त्याने घेतलेली मेहनत बघितली की ते खटकणं पुन्हा कमी होतं. असो. पाटीवर यातलं काहीच येणार नाही.

१५ जून

रेखाटनं. पाटी ए-थ्री कागदाएवढी, उभी. दोन्ही हात एकदम ठेवले की जवळजवळ सगळं चित्र पंज्यांखाली आलं पाहिजे. त्याहून मोठं झालं की मुलं वाट चुकतात.

उठावचित्राचे नियम डोळ्यांच्या चित्रापेक्षा निराळे. एका वस्तूमागे दुसरी अर्धी झाकलेली असली तर डोळा ती मनाने पुरी करतो. बोट करत नाही, बोटाला ती तुटकीच लागते. म्हणून दोन आकारांमध्ये निदान तीन मिलिमीटरची सपाट फट हवी. लांबचं लहान आणि जवळचं मोठं ही पद्धत इथे निरुपयोगी. मागचा सगळा तपशील गाळायचा. सावल्या तर काढूच नयेत, हाताला त्या वस्तूच वाटतात.

आता अडचण. हे चित्र उभंच आहे एकमेकांना चिकटलेल्या शरीरांवर. मूल आईच्या कडेवर, तिचा हात त्याच्याभोवती. सगळ्यांमध्ये फटी पाडल्या तर मूल हवेत तरंगेल. नाही पाडल्या तर बाईच्या अंगाला एक मोठा गोळा फुटल्यासारखा लागेल. सध्या तीन पातळ्या योजल्या आहेत : आईचं धड सर्वांत खाली, मूल त्यावर, आणि मुलाला धरणारा आईचा हात सर्वांत वर. फट फक्त मुलाच्या डोक्याभोवती. हाताचं बोट आधी आईच्या खांद्यावरून उतरेल, कोपरावर वळेल, आणि मग आपण मुलाच्या अंगावरून जातोय हे त्याला कळेल. निदान माझा हिशेब तसा आहे.

पायाशी कुत्रा आहे. तो वेगळाच ठेवायचा, चारी बाजूंनी मोकळा. मुलांना तोच सगळ्यात आधी आवडणार.

२१ जून

आज बाईंशी फोनवर तासभर बोलणं. मुद्दा असा की चित्रातली सगळी ओढ डाव्या कडेला आहे. आई तिकडे बघतेय, मूल तिकडे बघतंय. ज्याच्याकडे बघतायत तो बाप चित्रात नाहीच. डोळसाला हे एका नजरेत कळतं. हाताने बघणाऱ्याला नसलेली गोष्ट कशी दाखवायची?

माझी सूचना : पाटीला तीन बाजूंनी उठावाची चौकट द्यायची आणि डावी बाजू उघडी ठेवायची. बाईंनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली. "मुलं म्हणतील पाटी फुटलीये. आमच्याकडे फुटलेल्या पाट्या काय कमी आहेत?" पटलं. चौकट चारी बाजूंनी राहील, पण आकृत्या किंचित उजवीकडे सरकवून डावीकडे रिकामी जागा ठेवायची. तिथे पोत नाही, काही नाही. फक्त गुळगुळीत.

मग बाप कोण, यावर बोलणं वळलं. इथे केरळची घरं समजून घ्यावी लागतात. त्रावणकोरच्या राजघराण्यात आणि नायर घरांत मूल आईच्या घराचं. वारसा बाईच्या बाजूने चाले, कारभार मामाकडे असे. नवरा बायकोच्या घरी यायचा आणि जायचा. रविवर्म्याचंही तेच : तो किलिमानूरचा, बायको-मुलं मावेलिक्कराला आणि तो वर्षानुवर्षं बडोदा, मुंबई, म्हैसूर असा फिरतीवर. हे लक्षात घेतलं की चित्राचं नाव निराळं ऐकू येतं. बाप येतोय हीच जिथे घटना, ते हे घर. समीक्षक या चित्रात जुनी मातृवंशीय पद्धत मागे पडून नवरा-बायको-मूल असं नवं कुटुंब पुढे येताना पाहतात. ब्रिटिश मलबारात १८९६मध्ये विवाहाचा कायदा आला, म्हणजे हवा तीच होती.

मला मात्र पुढचा इतिहास जास्त मजेदार वाटतो. चित्रानंतर दोन वर्षांनी, १८९५ साली महाप्रभेला मुलगी झाली, सेतू लक्ष्मीबाई. १९००मध्ये राणी लक्ष्मीबाईने तिला आणि तिच्या मावसबहिणीला राजघराण्यात दत्तक घेतलं. कारण वंश चालायचा तो मुलींवर. हीच सेतू लक्ष्मीबाई १९२४ ते १९३१ त्रावणकोरची रीजंट होती, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार बघणारी. कडेवर बसून बाबांची वाट बघणाऱ्या मार्तंडला जे मिळण्यासारखं नव्हतं, ते त्याच्या बहिणीला जन्मानेच मिळण्यासारखं होतं. बापाचं कौतुक करणाऱ्या या चित्रातल्या घरात शेवटी आईकडचाच हिशेब चालला.

बाई म्हणाल्या, हे मुलांना सांगायचंच. सातवीच्या वरच्यांना.

२८ जून

साहित्य. मूळ आकृती शाडूत करून प्लास्टरचा साचा काढायचा हे ठरलेलंच. प्रश्न कापडाचा. महाप्रभा पांढऱ्या मुंडू-नेरियतात, म्हणजे केरळी बायकांच्या दोन भागांतल्या वस्त्रात आहे, सोनेरी किनार. ही किनार प्लास्टरमध्ये नुसती रेघ होईल. खरं कापड लावावं का?

लोकांनी हे फार आधी केलेलं आहे. रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि त्याची देवदेवतांची रंगीत छापील चित्रं, ओलिओग्राफ, घरोघरी पोचली. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे सोपवला गेला. विकत आणलेल्या या चित्रांवर घरातल्या बायका हात चालवायच्या. लक्ष्मीच्या साडीवर खरं कापड चिकटवायचं, काठाला जर, मुकुटाला टिकल्या, गळ्यात मणी. असे जुने सजवलेले ओलिओग्राफ आजही जुन्या बाजारात आणि संग्रहांत दिसतात. मी एक हातात घेऊन पाहिला आहे, सरस्वतीचा. डोळे मिटून बोट फिरवलं तर काठ कुठे वळतो, निरी कुठे पडते, सगळं लागतं. चेहरा आणि हात तेवढे सपाट कागदाचे. म्हणजे या चित्रकाराच्या चित्रांना हात लावायची रीत शंभर वर्षांची आहे, आपण फार काही नवीन करत नाही.

कसवूची, म्हणजे केरळी वस्त्राच्या जरीच्या काठाची, पट्टी मिळाली. ओणमच्या साड्या ठेवणाऱ्या दुकानात उरलेले तुकडे मीटरवर देतात. सुती कापडाला पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात देऊन वाळवलं की ते ताठ होतं, तरी कापडच लागतं. खऱ्या जरीची कड मात्र बोटाला खरखरते, सारखं हाताळून धागे सुटतील. वर वॉर्निशचा एक पातळ थर द्यावा लागेल.

६ जुलै

पाऊस लागून राहिला आहे आणि शाडू वाळायचं नाव घेत नाही. वरून सुकलेला, आत ओला. पंखा लावला तर कडा आधी आकसतात आणि खांद्याशी चीर जाते. शेवटी ओलं फडकं टाकून कूर्मगतीने वाळवणं हाच मार्ग. गणपतीवाले हे दरवर्षी करतात, त्यांना विचारलं तर हसले.

आज दिवसभर फक्त चेहरा. दोन्ही चेहरे बाजूने दिसतात, त्यामुळे नाक हेच सगळं सांगणारं. नाकाच्या शेंड्याला पाटीवर सर्वांत जास्त टोक ठेवलं आहे. डोळा उठावात करून पाहिला : बोटाला तो डाळीच्या दाण्यासारखा लागतो आणि काही सांगत नाही. त्याऐवजी पापणीची एकच आडवी रेघ, नाकाकडे उघडणारी. कपाळ, भुवईशी खोलगट, नाक, ओठांची दोन लहान वळणं, हनुवटी. ही कड कपाळापासून गळ्यापर्यंत एका बोटाने अखंड उतरता आली पाहिजे, कुठे अडकता कामा नये. ओठांपाशी अडकत होती. दोन ओठांमधली घळ भरून काढली. रविवर्म्याने ओठ असे भरू दिले नसते, पण त्याला बोटांनी कुणी वाचणार नव्हतं.

आईची आणि मुलाची नाकं एकाच दिशेला, जवळजवळ समांतर. दोन बोटं एकदम फिरवून पाहिली, तर्जनी आईच्या नाकावर, अंगठा मुलाच्या. दोन्ही एकाच वेळी डावीकडे घसरतात. हे बरं जमलंय.

१३ जुलै

कच्च्या प्लास्टरची पाटी घेऊन शाळेत. पाचवी ते आठवीची मुलं. आधी काही सांगायचं नाही असं बाईंनी बजावलेलं.

सगळे हात कडेपासून सुरू होतात. आपण चित्र कुठूनही बघतो. ही मुलं आधी कड शोधतात, मग मधोमध येतात, मग वर. कुत्रा लगेच सापडला, अपेक्षेप्रमाणे. "कुत्र्याचे कान लोंबतायत, आमच्याकडचे उभे असतात." मुंडूची कड सापडल्यावर एक मुलगी म्हणाली, "ही बाई लग्नाला निघालीये." तिला खरं कापड लागलं की लग्न. चूक कसं म्हणणार?

मुलाशी सगळे अडखळले. एकाला ते गाठोडं वाटलं, दुसऱ्याला पखवाज. आईचा हात त्यावरून जातो हे कळलं, पण हात कशासाठी हे कळेना. मग आठवीतल्या एकीने स्वतःचा डावा हात कमरेशी वाकवला, पाटीवरच्या हातावर उजवं बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं बाळ आहे, मी चिनूला अशीच घेते." त्यानंतर सगळ्यांनी तोच हात केला. वर्गात रिकाम्या कडेवर बाळं घेतलेली आठदहा मुलं. ही गोष्ट मी कागदावर कधीच बसवू शकले नसते : चित्र समजायला बोट पुरत नाही, अंगाने ते करून बघावं लागतं.

मग तोंडं. "दोघं कुठे बघतायत?" डावीकडे, हे सगळ्यांना बरोबर आलं. नाकांनी काम केलं. पाचवीतला एक मुलगा डावीकडच्या मोकळ्या जागेत हात फिरवत राहिला, वरून खाली, खालून वर. "इथे काहीच नाही."

"काय असायला हवं होतं?"

"कुणीतरी येतंय ना? बघतायत म्हणजे कुणीतरी येतंय."

त्याने चौकट ओलांडून टेबलावर हात पसरला, पाण्याच्या बाटलीपर्यंत. बाकीची हसली. बाईंनी विचारलं, कोण येत असेल? आजी, दूधवाला, स्कूलबस अशी उत्तरं. चित्राचं नाव सांगितल्यावर पाटीला कापड लावलेलं आवडलेली मुलगी म्हणाली, "बाबा? मग कुत्रा भुंकला नसता का?" दुसरी : "बाबांवर नाही भुंकत."

रविवर्मा म्हणजे कॅलेंडरवाली लक्ष्मी काढणारा, हे सांगितल्यावर फारसा परिणाम नाही. चित्रकाराने आपल्या मुलीचं चित्र काढलं यावर मात्र एकाने विचारलं, "आजोबा कुठे होते मग?" इकडे, आपल्या जागी उभे होते, असं बाईंनी सांगितलं. त्याने पाटीपासून हात काढून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि खात्री करून घेतली, "म्हणजे मी आहे तिथे?"

१६ जुलै

निवेदनाचा मसुदा. पाटीबरोबर दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग द्यायचं आहे. बाईंचा नियम कडक : 'सुंदर', 'प्रेमळ', 'उत्सुक' असले शब्द नकोत, ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. आणि नाव शेवटी. आधी सांगितलं तर मुलं चित्र न बघता उत्तर घेऊन बसतात. सध्याचा मसुदा :

"पाटी उभी धरा. चारी बाजूंनी चौकट आहे. चौकटीच्या आत, मधल्या भागात एक तरुण बाई उभी आहे. तिच्या अंगावर पांढरं वस्त्र आहे, काठ सोनेरी. हा काठ तुम्हाला खरखरीत लागेल. तिचा खांदा शोधा. खांद्यावरून हाताबरोबर खाली या. या हाताने तिने एक लहान मूल कडेवर धरलं आहे. मुलाचं डोकं मोकळं आहे, त्याच्याभोवती फिरा. आता दोन बोटं घ्या. एक बाईच्या नाकावर, एक मुलाच्या. दोघांची तोंडं तुमच्या डाव्या हाताकडे आहेत. डावीकडे चौकटीपर्यंत काही नाही. खाली बाईच्या पायाशी कुत्रा आहे. ही बाई महाप्रभा. मूल तिचा मुलगा मार्तंड. चित्र काढणारा राजा रविवर्मा हा महाप्रभेचा बाप, मुलाचा आजोबा. त्याने ते १८९३ साली तैलरंगात काढलं. चित्राचं नाव आहे : ते बघ, बाबा आले."

सेतू लक्ष्मीबाईची गोष्ट वेगळ्या ध्वनिफितीत, मोठ्या मुलांसाठी. ती ब्रेल शिकवणाऱ्या बाई स्वतः सांगणार आहेत. माझ्यापेक्षा चांगली सांगतील, मी मध्येच कायदे घुसडते.

२० जुलै

दुरुस्त्या. मुलाचा एक पाय आईच्या कमरेवरून पुढे मोकळा काढला, पाच बोटं स्पष्ट. पाय सापडला की मूल सापडतं, गाठोड्याला पाय नसतो. मुलाच्या अंगाचा पोत घासून अगदी गुळगुळीत केला, आईचा मुंडू कापडाचा, कुत्र्याला ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढून केस. डावीकडच्या जागेला हात लावलेला नाही.

पाटीच्या खाली उजव्या कोपऱ्यात ब्रेलमध्ये फक्त अनुक्रमांक. नाव पाटीच्या मागे.

२४ जुलै

रबर मोल्ड करून फायबरच्या प्रती काढायच्या आहेत, एक वाचनालयात, बाकीच्या इतर शाळांना. ज्यांच्याकडून हे काम करून घ्यायचं ते मूर्तिकार दादा म्हणाले, "ताई, आता कुठे? कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. बाप्पा गेल्यावर या." म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर. तोवर प्लास्टरची मूळ पाटी स्पंजात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर. खाली ठेवली तर ओल धरेल.

संध्याकाळी रेपिनच्या वेराला सुरुवात. लाकूड आडवं, पाय लोंबते. इथे पाट्यांमध्ये प्रथमच जमीन नसेल. खालून वर बघणं हाताला कसं सांगायचं, ते बाईंना विचारायचं आहे. बहुधा पाटी टेबलावर आडवी न ठेवता भिंतीला, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर लावावी लागेल, म्हणजे हात वर करूनच ती सापडेल. खिळा कुठे मारायचा ते शाळेच्या शिपायांशी बोलून ठरवू.